रिंग वाजली की नेट का तुटतं? : घरातल्या टेलिफोन वायरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घर दुमजली आहे. लँडलाइनचा मूळ पॉइंट खाली हॉलमध्ये. तिथून स्वयंपाकघरात एक आणि वरच्या खोलीत एक असे दोन जादा पॉइंट पूर्वी काढून घेतले होते. मॉडेम वर आहे. रिंग वाजली की ब्रॉडबँडचा दिवा लुकलुकतो आणि नेट जातं. पावसाळ्यात तर रिंग न वाजताही जातं. मॉडेम बदलून झाला, फरक नाही. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मॉडेम बहुधा निर्दोष होता. रिंगचा बिघाड वेगळा, पावसाचा वेगळा. पण आधी दोष घरातला की बाहेरचा हे ठरवा, नाहीतर उगाच भिंती उकराल.

बाहेरची वायर हॉलमधल्या ज्या पांढऱ्या डबीत, म्हणजे रोझेटमध्ये, शिरते ती उघडा. दोन स्क्रूंवर बाहेरच्या जोडीबरोबर आणखी वायरी अडकवलेल्या दिसतील. ते घरातले फाटे. खुणेच्या चिकटपट्ट्या लावा आणि फाट्यांच्या सगळ्या वायरी स्क्रूवरून सोडवा. नुसते फोन काढून भागत नाही. वायर स्क्रूवर राहिली की फाटा लाइनवरच राहतो. लाइनवर एरवी ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, पण रिंग येते तेव्हा ७५ व्होल्टच्या घरातला एसी येतो आणि चांगलाच झटका बसतो. म्हणून उघड्या तारांना हात लावू नका आणि विजा चमकत असताना हे काम काढूच नका.

आता मॉडेम खाली आणून दीड-दोन मीटरच्या कॉर्डने थेट रोझेटला लावा. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड) स्टेटसमध्ये एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली जागा), अ‍ॅटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती क्षीण झाला) आणि सीआरसी एरर (खराब पोचलेल्या डेटाची मोजणी) असे आकडे असतात. वरच्या खोलीतले आकडे आधीच लिहून ठेवा, तासाभराने खालचे लिहा. मार्जिन ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन तुटण्याची शक्यता बरीच. १०च्या वर असेल तर सहसा चिंता नाही. खाली आल्यावर मार्जिन वाढलं आणि सीआरसी वाढायचे थांबले, तर दोष घरात. खालीही तीच रड असेल तर दोष खांबाकडच्या बाजूला. तक्रार नोंदवताना हे आकडेच सांगा, ‘नेट स्लो आहे’ एवढंच नको. अ‍ॅटेन्युएशन मुख्यतः एक्स्चेंजच्या अंतरावर ठरतं. ते ५० डेसिबलच्या पुढे असेल तर घरातलं वायरिंग कितीही सुधारलं तरी वेग मर्यादितच राहील.

रिंगचं कारण स्प्लिटरच्या, म्हणजे फोन आणि मॉडेमच्या वाटा वेगळ्या करणाऱ्या छोट्या डबीच्या, जागेत आहे. आवाज ३४०० हर्ट्झपर्यंत संपतो, तारेवरचं ब्रॉडबँड, म्हणजे एडीएसएल, साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर चालतं. दोघांना वेगळं करणारा फिल्टर स्प्लिटरमध्ये असतो. तुमचा स्प्लिटर वर मॉडेमजवळ असणार, म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघरातले फोन फिल्टरविना लाइनवर आहेत. रिंग आली किंवा रिसीव्हर उचलला की ते डेटाच्या सिग्नलमध्ये खडखडाट करतात.

फोन नसलेला रिकामा फाटाही निरुपद्रवी नसतो. सिग्नल त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो आणि मूळ सिग्नलला छेद देतो. साधारण ३० मीटरचा फाटा १.७ मेगाहर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो, आणि एडीएसएल२+ हा जलद प्रकार तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. लाइन व्हीडीएसएलची, म्हणजे याहूनही वरच्या वारंवारतेपर्यंत जाणाऱ्या प्रकाराची, असेल तर तीन-चार मीटरचा फाटाही नडतो.

म्हणून रचना अशी करा : बाहेरची जोडी रोझेटमध्ये, रोझेटमधून छोट्या कॉर्डने स्प्लिटरच्या ‘लाइन’ला. स्प्लिटरच्या ‘फोन’मधून घरातले सगळे फोन, त्या बाजूला कितीही फाटे असू द्यात, डेटाला फरक पडत नाही. ‘मॉडेम’मधून एकच सलग वायर, मध्ये एकही फाटा नाही. आमचं मत विचाराल तर मॉडेम हॉलमध्येच ठेवा आणि वर कॅट-५ई लॅन केबल न्या. ती १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. टेलिफोनची वायरच वर न्यायची असेल तर ०.५ मिमी शुद्ध तांब्याची, पीळ असलेली जोडी घ्या. बाजारात मिळणारी चपटी समांतर वायर पंखा, चोक, इन्व्हर्टर अशा सगळ्यांचा गोंगाट गोळा करते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्क्रूखाली तुटते, तीही नको.

राहिला पाऊस. पाणी मुरतं ते जोडांत. वायरी नुसत्या पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. असा प्रत्येक जोड कापून टाका आणि जेल भरलेले यूवाय कनेक्टर वापरा. प्रत्येक तारेला एक, म्हणजे एका जोडाला दोन. तार सोलायची नाही, तशीच शेवटपर्यंत खुपसायची आणि पक्कडीने बटण सपाट होईपर्यंत दाबायचं. बाहेरची वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल, डबीत उतरणार नाही.

शेवटी मल्टिमीटर. घरातली वायर लाइनपासून पूर्ण सोडवा, वरच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडा आणि खालून ओहम मोजा. ०.५ मिमी तांब्याच्या २० मीटर जोडीला साडेतीन ओहमच्या आसपास यायला हवेत. २०-३० आले किंवा वायर हलवताना आकडा नाचला तर कुठेतरी जोड कच्चा आहे. मग वरचं टोक मोकळं करून पुन्हा मोजा. आता मीटरने काहीच दाखवू नये. काही किलोओहम दाखवले तर ओल आहे.

प्रश्न : फोन पूर्ण मुका आहे, डायल टोनही नाही. तरी नेट रखडत का होईना चालू आहे. हे कसं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोनपैकी एक तार तुटलेली आहे. आवाजाला पूर्ण मंडल लागतं, डेटाचा उच्च वारंवारतेचा सिग्नल मात्र तुटक्या जागेवरूनही थोडाफार उडी मारतो. रोझेटवर मीटरने डीसी मोजा. ४८च्या आसपास मिळाले तर तार घरात तुटली आहे. शून्य आले तर एकदा घरातल्या वायरी सोडवून पुन्हा मोजा, कारण आतल्या शॉर्टमुळेही शून्य येतं. तरीही शून्यच, तर तक्रार नोंदवा.

प्रश्न : रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला की नेट सुधारतं, परत जागेवर ठेवला की बिघडतं. उलटं व्हायला हवं ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गंजलेल्या जोडाची ही हमखास खूण. रिसीव्हर उचलला की लाइनमधून काही मिलिअँपिअर डीसी वाहू लागतो आणि जोडावरचा ऑक्साइडचा पापुद्रा तात्पुरता भेदतो. रिसीव्हर काढून ठेवणं हा उपाय नव्हे, जोड शोधा. रोझेटचे स्क्रू आणि खिडकीबाहेरचा टेप, इथून सुरुवात करा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. जुन्या घरात चार एक्स्टेन्शन सॉकेट आहेत आणि तांब्याच्या लाइनवरचं ब्रॉडबँड डळमळीत आहे.
— एक वाचक

उत्तर : मास्टर सॉकेट (बाहेरची लाइन जिथे घरात येते ते मुख्य सॉकेट) एनटीई-५ प्रकारचं, म्हणजे दोन भागांचं झाकण असलेलं, असेल तर खालच्या अर्ध्या झाकणाचे दोन स्क्रू काढा. झाकण ओढलं की सगळी एक्स्टेन्शन आपोआप तुटतात आणि आत टेस्ट सॉकेट दिसतं. तिथे मायक्रोफिल्टरसह (तिथला छोटा स्प्लिटर) राउटर लावून बघा. सुधारलं तर गुन्हेगार बहुधा रिंग वायर, म्हणजे ३ क्रमांकाच्या टर्मिनलवरची, बहुधा नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली तार. जुन्या फोनची घंटा वाजवण्यापुरतीच ती होती. जोडीतला समतोल बिघडवून अँटेनासारखा गोंगाट आत आणते. झाकणामागच्या ३ नंबरवरून ती काढून टाका. २ आणि ५ वरची निळी-पांढरी जोडी तशीच राहू द्या. हे सुटं होणारं झाकण आणि त्यावरची जोडणीच तुमची आहे. भिंतीतली मागची बाजू कंपनीची, तिला हात लावू नका.

प्रश्न : फायबर घेतलं. घरातले जुने फोन पॉइंट वापरता येतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येतील. फायबरच्या ओएनटीवर, म्हणजे फायबरची तार ज्या डबीत शिरते तिच्यावर, सहसा फोनचं पोर्ट असतं. त्यातून निघालेली वायर घरातल्या जुन्या जोडीला जोडली की सगळे पॉइंट जिवंत होतात. स्प्लिटरची आता गरज नाही, तो काढा. मात्र त्याआधी रोझेटवरून खांबाकडची तांब्याची जोडी सोडवून तिची टोकं वेगवेगळी टेपने झाका. ती जोडी चालू राहिली तर दोन्हीकडचा वीजपुरवठा समोरासमोर येईल आणि ओएनटीचं फोन पोर्ट जळू शकेल.