जुनी पुस्तकं स्कॅन केल्यावर मूळ प्रती रद्दीत द्याव्यात का?

तुमच्या गावच्या वाचनालयाला जुनी पुस्तकं स्कॅन करून मूळ प्रती काढून टाकायच्या आहेत आणि मोकळ्या जागेत अभ्यासिका करायची आहे. हे योग्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. स्कॅन जरूर करा. प्रती काढू नका.

मी एका तालुक्याच्या वाचनालयात सहा वर्षं हेच काम करतोय. आम्ही जुने दिवाळी अंक स्कॅन केले तेव्हा जाहिरातींची पानं वगळली, त्यात वाचायचं काय असतं म्हणून. वर्षभराने एक बाई आल्या. आजोबांच्या छापखान्याची जाहिरात त्या अंकांत यायची, एवढंच त्यांनी घरी ऐकलेलं. फाइलमध्ये काहीच नव्हतं. अंक कपाटात होते म्हणून तिसऱ्या अंकात ती जाहिरात मिळाली. बाईंनी फोटो काढला, अंक परत केला, आणि पुन्हा मागून घेतला. त्या दिवसापासून आम्ही मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोऱ्या पानांसकट सगळं घेतो.

कायद्याचंही बघा. स्वामित्वहक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. पुस्तक जतन करण्यासाठी ते डिजिटल रूपात साठवायची मुभा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना मिळाली, पण त्या पुस्तकाची कागदी प्रत ग्रंथालयाकडे असेल तरच. म्हणजे ज्या प्रतीच्या आधारावर स्कॅन करायचं, तीच तुम्ही रद्दीवाल्याला देणार! (लेखकाच्या निधनाला 60 वर्षं उलटून गेली असतील तर हक्काचा प्रश्न सहसा उरत नाही. ती पुस्तकं खुशाल सगळ्यांसाठी खुली करा.)

आणि फाइल टिकते हा समज सोडा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने सरकारी खर्चाने लाखो पुस्तकं स्कॅन केली, त्यात मराठीही भरपूर. पुढे ते संकेतस्थळच बंद झालं. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर त्यांतली बरीच आधी उतरवून ठेवलेली होती, म्हणून आज मिळतात. तीही शोधायला जीव मेटाकुटीला येतो, कारण मराठी नावं रोमन लिपीत वाट्टेल तशी लिहिलेली आहेत. काहींत घडीचे नकाशे न उलगडताच स्कॅन झालेत.

म्हणून आधी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असते ती वही, घेऊन बसा. जे पुस्तक इंटरनेटवर नीट वाचता येतं, त्यावर वेळ घालवू नका. फक्त तुमच्याकडेच असेल ते वेगळं काढा: शाळांच्या, संस्थांच्या स्मरणिका, बंद पडलेली स्थानिक साप्ताहिकं, हस्तलिखितं, खुद्द वाचनालयाचे जुने अहवाल. कागद ठिसूळ झाला असेल तर पुस्तक स्कॅनरवर दाबू नका, वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. बांधणी कापू तर अजिबात देऊ नका. प्रत्येक फाइलचं नाव देवनागरीत, दाखल क्रमांकासह लिहा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

जागाच हवी असेल तर चालू कादंबऱ्यांच्या चार-चार प्रती असतील, त्या कमी करा.