बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीचा १५ एचपी ब्लोअर: मोटार भरून घ्यावी, आयई३ घ्यावी की नवी रिलक्टन्स मोटार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सँड प्लँटच्या डस्ट कलेक्टरवरची १५ एचपी, चार पोलची मोटार दोनदा रिवाइंड झाली (म्हणजे आतली तांब्याची वाइंडिंग नव्याने भरली) आणि आता पुन्हा जळाली. रिवाइंडर भरून द्यायला तयार आहे, तर डीलर म्हणतो ड्राइव्हसकट (मोटारीचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) सिंक्रोनस रिलक्टन्स मोटार घ्या. पंखा दोन शिफ्ट चालतो आणि डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, बहुतेक वेळ अर्धा बंद असतो. माझ्या मते डँपरची ही गोष्टच निर्णायक आहे.

पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. ५० ऐवजी ४० हर्ट्झवर चालवला तर ०.८ चा घन, म्हणजे जवळपास निम्मी वीज. डँपर दाबून हवा कमी केली तर एवढी बचत कधीच होत नाही. आता मोटारीचा हिशेब बघा. आयई३, आयई४ हे मोटारीच्या कार्यक्षमतेचे वर्ग आहेत. ११ किलोवॅटला, म्हणजे १५ एचपीला, आयई३ ची कार्यक्षमता ९१.४ टक्के, आयई४ ची ९३.३. जुनी, दोनदा भरलेली मोटार ८६ टक्क्यांवर आली आहे असं धरू. ७५ टक्के लोडवर वर्षाला ४,००० तास चालली तर जुनीवरून आयई३ वर गेल्यास सुमारे २,२७० युनिट वाचतात. आयई३ वरून आयई४ वर गेल्यास आणखी साधारण ७३०. हे आकडे हेस्कॉमच्या (तुमच्या वीज कंपनीच्या) बिलावरच्या दराने गुणून बघा. वेग कमी करून होणारी बचत यापुढे खूप मोठी आहे. म्हणून पैसे कमी असतील तर आयई३ मोटार आणि चांगला व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) घ्या. जास्त पैसे घालणं जमत असेल तर रिलक्टन्स मोटार आणि तिचा ड्राइव्ह असा सेट घ्या. तिसऱ्यांदा भरून घेऊ नका. वाइंडिंग काढताना स्टेटर कोर उघड्या ज्वाळेवर भाजला की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, कोअर लॉस वाढतो आणि तांबं नवीन असूनही मोटार तापतच राहते.

रिलक्टन्स मोटारीची कल्पना जुनी आहे, कॉस्टको यांनी ती १९२३ साली मांडली होती. रोटरमध्ये बार नाहीत, मॅग्नेट नाही. पत्र्यांत वक्र पोकळ्या कापलेल्या असतात, त्यामुळे फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) एका दिशेने वाट सोपी आणि दुसऱ्या दिशेने अवघड. या फरकातून टॉर्क मिळतो. रोटरमधला लॉस नगण्य, म्हणून शाफ्ट आणि बेअरिंग थंड राहतात. ती इतकी वर्षं मागे पडली, कारण थेट लाइनवर ती सुरूच होत नाही. व्हेक्टर कंट्रोल, म्हणजे करंटवर अचूक ताबा ठेवणारी ड्राइव्हची पद्धत, स्वस्त झाल्यावर ती खऱ्या अर्थाने बाजारात आली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून बिनमॅग्नेटच्या किंवा साधं फेराइट घातलेल्या मोटारींकडे सगळ्यांचंच लक्ष वळलं आहे.

तिच्या अडचणीही आहेत. पॉवर फॅक्टर कमी, ०.७ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच कामाला करंट जास्त, त्यामुळे ड्राइव्ह एचपी बघून नव्हे तर मोटारीच्या प्लेटवरचा करंट बघून निवडा. करंट वाढला की लोखंड सॅच्युरेट होतं (आणखी चुंबकत्व घेत नाही) आणि इंडक्टन्स बदलतो. ते गणित ड्राइव्हला माहीत असावं लागतं, म्हणून ‘रिलक्टन्स मोटार’ हा मोड नसलेला साधा ड्राइव्ह चालणार नाही. ड्राइव्ह जळाला तर स्टार-डेल्टावर (थेट लाइनच्या साध्या स्टार्टरवर) टाकून वेळ मारून नेता येत नाही, हेही आधी मान्य करा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. या मोटारीला स्लिप नाही, म्हणजे ती लाइनच्या हर्ट्झने ठरणाऱ्या वेगापेक्षा जराही मागे पडत नाही. जुनी मोटार १४६० आरपीएमवर फिरत असेल, तर नवी ५० हर्ट्झवर बरोबर १५०० वर फिरेल आणि पंखा जवळजवळ ८ टक्के जास्त वीज खाईल. तेवढीच हवा हवी असेल तर ४८.७ हर्ट्झच्या वर जाऊ नका.

कमी करतानाही मर्यादा आहे. फौंड्रीची धूळ जड असते. डक्टमध्ये हवेचा वेग १८ ते २० मीटर प्रति सेकंदाच्या खाली गेला की ती आडव्या डक्टमध्ये बसायला लागते. डँपर पूर्ण उघडा, सगळ्यात लांबच्या हूडजवळच्या डक्टमध्ये वेग मोजा आणि तिथून किमान हर्ट्झ ठरवा. त्याहून चांगलं म्हणजे डक्टमध्ये प्रेशर सेन्सर बसवून ड्राइव्हच्या पीआयडीला (ठरवलेलं प्रेशर टिकवायला वेग आपोआप बदलणाऱ्या कंट्रोलला) जोडा. फिल्टर बॅग नव्या असताना पंखा हळू चालेल, त्या चोंदत गेल्या की आपोआप वेग वाढेल.

ड्राइव्ह बसवताना स्टार-डेल्टा स्टार्टर पूर्ण काढा. मोटारीला पॉवर फॅक्टरसाठी कॅपॅसिटर लावलेला असेल तर तोही काढा. ड्राइव्हच्या आउटपुटवर कॅपॅसिटर राहिला तर आयजीबीटी (ड्राइव्हमधला पॉवर स्विच) उडतो. ऑटोट्यूनिंग (ड्राइव्हने मोटार स्वतः मोजून घेणं) मोटार थंड असताना करा. ॲक्सिलरेशन ३० सेकंद ठेवा आणि फ्लाइंग स्टार्ट (फिरती मोटार पकडून सुरू करायची सोय) चालू करा, नाहीतर वीज जाऊन आली की फिरत्या पंख्यावर ड्राइव्ह ट्रिप होईल.

केबलची लांबी जरूर बघा. ४१५ व्होल्टला ड्राइव्हचा डीसी बस सुमारे ५८५ व्होल्ट असतो. लांब केबलवर पल्स परावर्तित होऊन मोटारीच्या टर्मिनलवर जवळपास दुप्पट होतात आणि वाइंडिंगचे पहिले काही वेढे आधी जातात. केबल ३० मीटरच्या वर असेल तर आउटपुटला डीव्ही-डीटी फिल्टर (पल्सची धार बोथट करणारा) लावा. नव्या सिलिकॉन कार्बाइडच्या ड्राइव्हमध्ये पल्सची धार आणखी तीव्र असते, तिथे छोटी केबलही त्रास देते. शाफ्टला अर्थिंग रिंग लावा, नाहीतर बेअरिंगच्या रेसवर आडव्या रेघा उमटून काही महिन्यांत आवाज सुरू होतो.

इनपुटला ३ ते ५ टक्के चोक हवाच. एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) साध्या कॅपॅसिटरचं असेल तर ड्राइव्हच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे बिघडलेल्या करंटच्या लहरींमुळे, ते कॅपॅसिटर फुगतात, तिथे ७ टक्के डीट्यून्ड रिॲक्टर बसवून घ्या.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, डीरेटिंग (ड्राइव्हची क्षमता कमी धरणं) १,००० मीटरनंतर लागतं, त्यामुळे उंचीसाठी मोठा ड्राइव्ह घ्यायची गरज नाही. खरा शत्रू म्हणजे लोखंड आणि ग्रॅफाइटची धूळ, तिच्यातून वीज वाहू शकते. ड्राइव्ह आयपी ५४ किंवा ५५ (धूळ-पाण्यापासून बंदिस्त) पॅनलमध्ये, सँड प्लँटच्या भिंतीपलीकडे ठेवा, पण केबलची लांबी सांभाळून. पावसाळ्यात पॅनलमध्ये थर्मोस्टॅटचा छोटा हीटर असू द्या. सुट्टीनंतर आत ओल दिसली तर ती सुकल्याशिवाय सप्लाय देऊ नका.