सांडपाणी बंद करून दोन वर्षं झाली तरी तळं हिरवंच, पाणवनस्पती परत कधी येणार?

तुम्ही विचारलंय की गावच्या तळ्यात येणारं गटाराचं पाणी दोन वर्षांपूर्वी वळवलं, तरी पाणी हिरवंगारच आहे, तळाशी एक काडी उगवलेली नाही, मग खर्च वाया गेला का. अजिबात नाही. दोन वर्षं फारच कमी आहेत हो. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच तळ्यांचा अनुभव असा आहे की बाहेरून येणारं फॉस्फरस, म्हणजे पाणी हिरवं करणाऱ्या शैवालाचं खाद्य, कमी केल्यावर पाण्यातलं फॉस्फरस उतरून स्थिर व्हायला साधारण १० ते १५ वर्षं लागतात, कारण आधी आलेलं बरंचसं गाळात साठलेलं असतं आणि उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन कमी पडला की गाळ ते परत पाण्यात सोडतो. बाहेरचा नळ बंद झालाय पण आतली टाकी अजून भरलेलीच आहे.

यात नेदरलँड्सच्या व्हेलुवेमेरचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९५७ मध्ये बांध घालून, पाणी उपसून नवी जमीन काढताना तयार झालेलं हे तळं, सरासरी खोली जेमतेम दीड मीटर. सुरुवातीला पाणी नितळ आणि तळभर वनस्पती होत्या, मग १९६० च्या दशकाच्या शेवटी सांडपाण्यामुळे निळं-हिरवं शैवाल इतकं माजलं की तळापर्यंत ऊनच पोचेना आणि बहुतेक वनस्पती गेल्या. १९७९ मध्ये जवळच्या हार्डरवाइक गावाच्या सांडपाणी प्रकल्पात फॉस्फरस काढायला सुरुवात झाली, शिवाय हिवाळ्यात कमी फॉस्फरसचं पाणी सोडून तळं धुवून काढायला लागले. शैवाल कमी झालं, पण वनस्पतींनी खरा जोर धरला तो थेट १९९० च्या आसपास!

आणि सगळ्या एकदम नाही आल्या. गढूळ पाण्यात टिकते ती पोटॅमोजेटॉन जातीची, दोऱ्यासारख्या पानांची वनस्पती, कारण ती कंदातून उठून सरळ पृष्ठभागापर्यंत जाते आणि वर ऊन घेते. त्यानंतर उथळ कडेला कारा पसरला, म्हणजे तळाशी वनस्पतीसारखं वाढणारं एक मोठं शैवाल. कारा कधी हातात घेऊन बघा, चुन्याचा थर बसलेला असतो म्हणून खरखरीत लागतो, दाबला की कुरकुरतो आणि लसणासारखा उग्र वास येतो. त्याची बीजं गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून बऱ्याचदा बाहेरून काही आणून लावावंही लागत नाही, फक्त तळाला ऊन मिळायला हवं. आणि एकदा त्याची गादी तयार झाली की तो गाळ धरून ठेवतो, लाटांनी ढवळू देत नाही. व्हेलुवेमेरमध्ये काही वर्षं असं दिसायचं की काराच्या वरचं पाणी काचेसारखं आणि शेजारीच मधल्या खोल भागात गढूळ, एकाच तळ्यात!

मधला भाग स्वच्छ व्हायला मासे कमी करावे लागले. तिथे ब्रीम नावाचा मासा तळ उकरून खातो, मच्छिमारांनी तो मोठ्या प्रमाणावर काढला, पाणी गाळून घेणारे शिंपलेही परत वाढले, आणि मग १९९० च्या दशकातच पाणी सगळीकडे नितळ झालं. आपल्याकडे तळ उकरायचं हेच काम सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा करतो. तुमच्या तळ्याचा मासेमारीचा ठेका असेल तर दरवर्षी कुठलं बीज सोडतात ते आधी विचारा, ही गोष्ट कुणी बघतच नाही.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. वनस्पती परत आल्या की लोक लगेच ओरडतात, तळं गवताने भरलं, पोहता येत नाही, होडी अडकते, आणि मशीन लावून सगळं खरवडून टाकतात. हॉलंडमध्येही तक्रारी झाल्या, तिथे होड्यांच्या वाटेपुरतं कापतात, बाकीचं राहू देतात. तुम्हीही तेवढंच करा. जलपर्णी वेगळी, ती वर तरंगते आणि खालचं ऊन अडवते, ती काढलीच पाहिजे. पण तळात मूळ धरून पाण्याखाली वाढणारी वनस्पती दिसली तर तिला हात लावू देऊ नका, ग्रामपंचायतीत भांडावं लागलं तरी भांडा, कारण ती उपटली की गाळ मोकळा होतो आणि शैवाल परत डोकं वर काढतं.

तोपर्यंत एक करा, काळी-पांढरी रंगवलेली ताटली दोरीला बांधून दर महिन्याला एकाच जागी, एकाच वेळी सोडा आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते वहीत लिहा. पावसाळ्यातले आकडे वेगळे ठेवा, तेव्हा मातीमुळेच पाणी गढूळ असतं. आणि पावसात जुन्या गटाराचं पाणी वरून उलटून तळ्यात येत नाही ना, हे स्वतः जाऊन बघा.