सर जॉन सोन यांच्या घरासाठी किमान दोन तास ठेवावेत

वास्तुकला शिकणाऱ्या आपल्या मुलीसोबत लंडनला जाताना, ब्रिटिश म्युझियम पाहून उरलेल्या अर्ध्या तासात वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे, आता संग्रहालय असलेले घर पाहून होईल का, असे आपण विचारले आहे. होणार नाही. किमान दोन तास ठेवावेत आणि शक्य असल्यास सकाळी ताज्या नजरेने आधी हेच घर पाहावे. प्रवेश विनामूल्य आहे. सोमवारी व मंगळवारी घर बंद असते, आणि होबर्न स्थानकावरून चालत काही मिनिटांत पोहोचता येते.

गवंड्याच्या पोटी जन्मलेले सोन 1788 पासून 45 वर्षे बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद होते. लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स या चौकातील हे घर त्यांनी स्वतः बांधले, पुन्हा पुन्हा बदलले, आणि आपल्या पश्चात ते होते तसेच राहावे यासाठी 1833 मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेतला. बहुतेक लोक तळघरातील सेती पहिला या इजिप्शियन राजाची दगडी शवपेटी पाहून परततात. ती पाहावीच; ब्रिटिश म्युझियमने किंमत परवडत नाही म्हणून नाकारल्यावर सोन यांनी ती 1824 मध्ये 2000 पौंडांना घेतली. परंतु मला विचाराल तर या घराचे खरे वैभव उजेडात आहे, आणि मुलीने तोच पाहावा.

न्याहारीच्या खोलीत तिला मधोमध उभे करा. डोक्यावरचा पसरट घुमट भिंतींना टेकलेलाच नाही. घुमट आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी जागा आहे आणि वरच्या, खालून न दिसणाऱ्या झरोक्यांतून उजेड थेट भिंतीवर उतरतो. कोकणातल्या माजघरात काचेच्या कौलातून येणारा कवडसा ज्याने लहानपणी पाहिला आहे, त्याला ही किमया लगेच उमगते. घुमटात बसवलेल्या लहान गोल बहिर्वक्र आरशांत सबंध खोली इवलीशी होऊन दिसते. चित्रांच्या दालनात कर्मचारी भिंतीच्या फळ्या दारासारख्या उघडून आतली चित्रे दाखवतात. तेवढा वेळ थांबावे, कारण इंग्रज चित्रकार हॉगार्थची चित्रे एरवी फळ्यांआड राहतात.

सर्वांत मोलाची जागा म्हणजे सोन यांच्या शिष्यांची चित्रशाळा. दिवसाचे बारा-बारा तास ही मुले तिथे नकाशे काढीत असत. खांबांवर उभारलेला हा माळा बाहेरच्या भिंतींपासून सुटा ठेवला आहे, त्यामुळे छताच्या काचांतून आलेला उजेड आधी मेजांवर पडतो आणि उरलेला कडेच्या फटींतून खालच्या दालनात झिरपतो. न्याहारीच्या खोलीतील युक्ती इथे कामाच्या जागेसाठी वापरलेली दिसते. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर 2023 मध्ये ही चित्रशाळा खुली झाली, मात्र तिथे लहान गटांनाच नेतात, म्हणून त्या फेरीची चौकशी निघण्यापूर्वीच करावी आणि तिची वेळ ठरल्यावरच त्या दिवसाचा बाकीचा बेत आखावा.