साताऱ्यात स्वतःचं वकिलीचं ऑफिस काढतोय. हातातले दीड लाख आधी कशावर घालू?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं सिनिअरांकडे काढली, आता स्वतंत्र बसायचंय आणि फर्निचर, वेबसाइट की केसेस सांभाळायचं सॉफ्टवेअर, यातलं आधी काय घ्यावं ते ठरत नाहीये. मी कराडच्या कोर्टात सतरा वर्षं वकिली करते, बहुतेक दिवाणी दावे आणि चेक न वटल्याच्या केसेस. माझं मत विचाराल तर तिन्ही थांबू द्या. आधी मुदतीचं एक रजिस्टर घाला. जाड पुठ्ठ्याचं, स्टेशनरीच्या दुकानात दोनशे रुपयांत मिळतं.

कारण सांगते. स्वतंत्र बसून मला दुसरं वर्ष लागलं होतं. एक शेतकरी दाव्याचं समन्स घेऊन आले. मी विचारलं, "तारीख कधीची आहे?" ते म्हणाले, पुढच्या महिन्याची. मी वकीलपत्र घातलं, तारखेला हजर राहिले, कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, मुदत मागून घेतली, आणि मग तशीच आणखी एकदा. समन्स त्यांच्या हातात पडून माझ्याकडे येईपर्यंतच चाळीस दिवस गेले होते, ते मी विचारलंच नव्हतं. कैफियतीचे ३० दिवस आणि कोर्टाने वाढवून दिले तर ९०, हे मोजायचे समन्स बजावल्यापासून. मी मोजत होते माझ्या हजेरीपासून. कैफियतीशिवाय दावा पुढे चालवायचा हुकूम झाला. तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज दिला, कोर्टाने खर्च भरायच्या अटीवर मंजूर केला, आणि तो खर्च मी भरला. पण त्या दिवशी ते गृहस्थ व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभे होते आणि विचारत होते, "मॅडम, आता माझं म्हणणं कोर्ट ऐकणारच नाही का?" ते मला अजून दिसतं. साधा दिवाणी दावा होता म्हणून निभावलं. कमर्शिअल दावा असता तर १२० दिवसांनंतर कैफियत रेकॉर्डवर घेणं कोर्टाच्याही हातात राहत नाही.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला: "समन्स हातात कधी पडलं?" उत्तर फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने आणि त्याच मिनिटाला रजिस्टरात.

रजिस्टरात कोर्टाच्या तारखा लिहू नका, त्यांना डायरी आहे. इथे फक्त कायद्याने संपणाऱ्या मुदती. चेकच्या केसचंच घ्या. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, समोरच्याला ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपले की एक महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या ३० दिवसांना माफी नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरायचा, एवढी एकच वाट उरते. आणि माणसं मेमो घेऊन येतात सत्ताविसाव्या दिवशी, कारण तोवर समोरचा "देतो, देतो" म्हणत असतो. अशा वेळी मी त्याच संध्याकाळी नोटीस टाइप करते आणि सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या स्पीड पोस्ट करते. पोहोचल्याचा ट्रॅकिंग रिपोर्टही लगेच प्रिंट काढून फाइलला लावते, पुढे साइटवर तो सापडत नाही. या एका केसच्या रजिस्टरात तीन ओळी होतात आणि प्रत्येक ओळीपुढे शेवटच्या दिवसाच्या सात दिवस आधीची तारीख. माझं काम त्या आधीच्या तारखेला व्हायला हवं.

डायरीबद्दल एवढंच, की ती एकच ठेवा. कारकुनाची वेगळी आणि तुमची वेगळी झाली की एखादी तारीख दोघांच्या मधून निसटते. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये प्रत्येक केस तिच्या सीएनआर नंबरने (अक्षरं आणि अंक मिळून सोळा खुणांचा, केसचा कायमचा क्रमांक) घालून ठेवा, बोर्ड, म्हणजे कोर्टाची त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायला फार सोयीचं पडतं. मात्र पुढची तारीख अॅपवर त्याच दिवशी चढेल असं धरून चालू नका. कोर्टातून उठण्याआधी विचारून, लिहून घ्या. पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायची गरज शंभरेक केसेस होईपर्यंत मला तरी भासली नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. संध्याकाळी सहा ते सात मी कुणाला भेटत नाही. त्या तासात त्या दिवशीच्या प्रत्येक केसच्या अशिलाला मेसेज जातो, मराठीत: "आज तुमच्या दाव्यात समोरचे वकील हजर नव्हते. आपला मनाई अर्ज ऐकला गेला नाही. पुढची तारीख १२. तुम्ही यायची गरज नाही. पुढे लागतील म्हणून सात-बाराचे नवे उतारे काढून ठेवा." ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोन. वाईट बातमी असली तर सगळ्यांनाच फोन, तोही त्याच दिवशी. ‘वकील फोन उचलत नाहीत’ ही बहुतेक अशिलांची पहिली तक्रार असते, आणि ती खरी असते. पाटण खोऱ्यातला माणूस रोज बुडवून, एसटीचं तिकीट काढून येतो आणि त्याला कळतं की आज न्यायाधीश साहेब रजेवर आहेत. बोर्ड आदल्या दिवशी बघून एक मेसेज केला असता तर त्याचा दिवस वाचला असता. माझ्याकडे येणारी नवी कामं बहुतेक जुन्या अशिलांनी पाठवलेली असतात, आणि ते दर वेळी या मेसेजचाच उल्लेख करतात.

कागदांचं म्हणाल तर मूळ कागद शक्यतो ऑफिसात ठेवून घेऊ नका. खरेदीखत, फेरफार, वाटणीपत्र समोर बसवून स्कॅन करायचं आणि मूळ त्यांच्या पिशवीत परत. ठेवावं लागलंच तर पावती. मोबाइलमधले पुरावे असतील तर पहिल्या भेटीतच बजावा की हा फोन विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्यातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे ताडून बघायचा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहावी लागते. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर काम भागत नाही. जुन्या कायद्यातलं हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन खोतकर यांच्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सांगितलंच होतं.

फी पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. फी वेगळी, स्टॅम्प, नकला, टायपिंगचा खर्च वेगळा, आणि त्या खर्चासाठी आलेले पैसे वेगळ्या खात्यात. आपल्याकडे "निकाल लागला की दोन गुंठे तुमचे" असं प्रेमाने म्हणणारे भेटतील. स्पष्ट नाही म्हणा. निकालावर ठरणारी फी आणि दाव्याच्या मिळकतीतला वाटा, दोन्हीला बार काउन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांत मनाई आहे. फी थकली म्हणून फाइल अडवूनही ठेवता येत नाही, हे २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलंय. वसुलीसाठी वेगळा दावा करता येतो, पण कागद परत द्यावेच लागतात.

वेबसाइटला बार काउन्सिलचा नियम ३६ आडवा येतो, वकिलाने जाहिरात करायची नाही असं सांगणारा. २००८ पासून नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढं टाकायची मुभा आहे. त्याला एक पान पुरतं. "हमखास जामीन" असली रील चुकूनही टाकू नका.

एआय मी वापरते, घटनाक्रम लावायला आणि मराठी-इंग्रजी मसुद्याला, तेही नावं, गाव, गट नंबर काढून. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर जाता कामा नये. एआयने सुचवलेला निवाडा मात्र ई-एससीआरवर (सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांची साइट) किंवा हायकोर्टाच्या साइटवर स्वतः उघडून वाचल्याशिवाय अर्जात येत नाही. न्यूयॉर्कच्या कोर्टात २०२३ साली एआयने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला.

तर दीड लाखांचं असं करा. चांगला स्कॅनर, लेझर प्रिंटर, कुलपाचं लोखंडी कपाट, बॅकअपसाठी दोन हार्ड डिस्क (एक घरी ठेवायची), आणि म्हातारी माणसं टेकून बसतील अशा चार खुर्च्या. उरलेले पैसे सहा महिन्यांच्या भाड्यासाठी बँकेत राहू द्या. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, तुमच्या जिल्ह्याची अपिलं तिकडे जातात. त्या जाण्या-येण्यासाठीही थोडे बाजूला काढा, सकाळी निघून संध्याकाळच्या मेसेजांपर्यंत परत येता येतं.