एकच संगणक आणि बचत गटातल्या बारा बायका: शिकवायचं कसं?

एका संगणकावर नक्की जमतं, फक्त सगळ्यांना एकदम बसवू नका. तिघी-तिघींचे गट करा. एकीच्या हातात माउस, दुसरी काय करायचं ते सांगणार, तिसरी वहीत पायऱ्या लिहिणार. दर दहा मिनिटांनी जागा बदला. एक नियम मात्र कडक पाळा: जिला येतं तिने माउसला हात लावायचा नाही, तोंडानेच सांगायचं. नाहीतर चटपटीत बाई सगळं करून टाकते आणि बाकीच्या नुसत्या बघत राहतात.

१९९९ साली शिक्षण-संशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीच्या झोपडपट्टीलगत भिंतीत संगणक बसवला, तेव्हा मुलं शिक्षकाशिवाय एकमेकांना दाखवतच शिकली. मोठ्या माणसांना मात्र कामाचं निमित्त लागतं. म्हणून पेंट किंवा खेळापासून सुरुवात नको; गटाचा हिशेबच एक्सेलमध्ये घ्या. हप्ता, व्याज, शिल्लक हे त्यांना तोंडपाठ असतं. बेरीज आपोआप झालेली दिसली की भीती जाते.

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणी, शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या; इंग्रजी अक्षरं येत नसली तरी अडत नाही. कळफलकावर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवा.

सरकारच्या डिजिटल साक्षरता अभियानाचा अभ्यासक्रम २० तासांचा होता. माझ्या मते आठवड्यातून दोनदा, दुपारची कामं उरकल्यावर, तासभर बसलात तर निवांत जमेल. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगा.