आई पहाटे काय धूत होती?

प्रिय 'जर्सीकर',

तुमच्या चार पानी पत्रातील तक्रार एवढीच, की तेरा वर्षांच्या मुलाने ३० ऑक्टोबरच्या 'मिस्चिफ नाइट'ला मित्रांबरोबर भटकू नये असे पत्नी म्हणते, आणि तुम्हाला तो त्याच्या बालपणावरचा अन्याय वाटतो. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत तुम्ही स्वतः याच, म्हणजे हॅलोविनच्या आदल्या, रात्री केलेल्या खोड्या मोठ्या रसाने लिहिल्या आहेत: बेल वाजवून पळणे, झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकणे, मोटारींच्या काचांवर साबण घासणे, परक्या दारांवर अंडी फोडणे. 'कोकणात शिमग्याला आम्हीही लाकडे चोरायचो,' हे वडिलांचे प्रशस्तिपत्रही सोबत जोडले आहे.

माझे लक्ष मात्र तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यावर अडकले: '१९८७ मध्ये, मी दहा वर्षांचा असताना, आमच्याही दारावर अंडी पडली होती, पण आईने पहाटे पाचलाच सगळे धुऊन टाकले, त्यामुळे आम्हाला फारसे कळलेच नाही.'

अहो, तुम्हाला कळू नये म्हणूनच ती पाचला उठली होती! त्याच उन्हाळ्यात जर्सी सिटीच्या स्थानिक वर्तमानपत्रात 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेणाऱ्यांचे पत्र छापून आले होते. भारतीयांना शहरातून घालवण्यासाठी आपण वाटेल त्या थराला जाऊ, असे त्यात बजावले होते, आणि त्या नावातील 'डॉट' म्हणजे तुमच्या आईच्या कपाळावरचे कुंकू. सप्टेंबरअखेर शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या ३० वर्षांच्या तरुणाला एवढी मारहाण झाली, की काही दिवसांतच तो गेला. त्यानंतर महिनाभराने तुमच्या दारावर अंडी फुटली. फोडणारी पोरे तुमच्याच वयाची आणि तुमच्याइतकीच निरुपद्रवी असतीलही, पण अंधारात बादली घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला हे कोण सांगणार होते? शिमग्यात ज्याचे लाकूड जाते त्याला चोर कोणाचा पोरगा आहे हे ठाऊक असते. तो मनसोक्त शिव्या घालतो आणि रात्री त्याच होळीपुढे नारळ घेऊन येतो. तुमच्या आईला शिव्या घालायलासुद्धा कोणी माहीत नव्हते. (वाळलेले अंडे खरवडताना दाराच्या रंगाचे पोपडे निघतात, हे तुम्ही कधी पाहिले असेल असे वाटत नाही, तुम्ही फोडलेली अंडी नेहमी दुसऱ्या कोणीतरीच पुसली.)

पत्नीची समजूत घालण्यासाठी माझ्याकडून तुम्हाला एक शब्दही मिळणार नाही. आई हल्ली एडिसनला थोरल्या भावाकडे असते, असे लिहिता. या रविवारी मुलाला घेऊन तिच्याकडे जा आणि त्या पहाटे दारावर नेमके काय काय होते, ते धुताना तिच्या मनात काय आले, त्यानंतर बाहेर पडताना ती कुंकू लावत होती का, हे त्याच्यासमोर विचारा. ती सांगत असताना मध्ये बोलू नका आणि तिच्या वतीने हसण्यावारीही नेऊ नका. ३० तारखेला कुठे जायचे, हे मुलाला परतीच्या वाटेवर गाडीत विचारा.